थेंब मोजणारा माणूस

१९५४ सालचा ऑक्टोबर महिना. शिकागोतल्या बिलिंग्ज रुग्णालयातल्या एका खोलीत ५३ वर्षांचा एक माणूस पलंगावर पडून होता. शल्यचिकित्सकांनी पोट उघडले होते आणि करण्यासारखे काही उरलेले नाही हे पाहून तसेच पुन्हा शिवले होते. जठराचा कर्करोग सगळीकडे पसरला होता. आता नळीवाटे थेंबाथेंबाने पोषण चालू होते. रोममधल्या तरुणपणापासूनचा त्याचा मित्र एमिलिओ सेग्रे भेटायला आला, तेव्हा हा माणूस हातात घड्याळ धरून नळीतून पडणारे थेंब मोजत होता. मिनिटाला किती थेंब, म्हणजे तासाला किती द्रव, याचा हिशेब चालला होता.

हा माणूस म्हणजे एन्रिको फर्मी. जगातली पहिली अणुभट्टी पेटवणारा शास्त्रज्ञ म्हणून आपण त्याला शाळेपासून ओळखतो. आज मात्र मला त्याच्या आयुष्यातला एक कमी सांगितला जाणारा अध्याय सांगायचा आहे. मी तीन तपे बँकेत काढली. रात्री दिवे लावून रोजकीर्द आणि खतावणी जुळवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. फर्मीविषयी वाचताना मला नेहमी वाटत आले, की हा माणूस आमच्याच जातकुळीतला. ताळा जुळेपर्यंत घरी न जाणारा.

रोममध्ये २९ सप्टेंबर १९०१ रोजी त्याचा जन्म झाला. वडील रेल्वे खात्यात, आई शाळेत शिक्षिका. मारिया ही थोरली बहीण आणि ज्युलिओ हा एका वर्षाने मोठा भाऊ. दोघे भाऊ सावलीसारखे एकत्र असत, विजेच्या छोट्या मोटारी बनवत. १९१५ साली घशाच्या एका किरकोळ शस्त्रक्रियेत ज्युलिओ अचानक गेला. आई त्या दुःखातून पुरती कधी सावरली नाही. तेरा वर्षांच्या एन्रिकोने आपले दुःख कोणाला दाखवले नाही, तो पुस्तकात शिरला. रोमच्या कांपो द फिओरी या बाजारात त्याला भौतिकशास्त्राचा एक जुना ग्रंथ मिळाला. तो त्याने अधाशासारखा वाचून काढला आणि वाचून संपल्यावर बहिणीला सांगितले, की पुस्तक लॅटिनमध्ये आहे हे आपल्या ध्यानातही आले नव्हते! वडिलांच्या खात्यातले एक अभियंते आमिदेई यांनी या मुलाचे पाणी ओळखले आणि आपल्या संग्रहातली गणिताची पुस्तके एकेक करून त्याच्या हाती दिली.

१९१८ साली पिसाच्या प्रसिद्ध विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत ध्वनीवर निबंध लिहायचा होता. इतर मुलांनी शाळेत शिकलेले लिहिले असेल. या सतरा वर्षांच्या मुलाने कंप पावणाऱ्या पट्टीचे गणित मांडून ते अखेरपर्यंत सोडवले. परीक्षक इतके चकित झाले, की त्यांनी मुलाला मुद्दाम बोलावून घेतले. आयुष्याच्या पहिल्या मोठ्या परीक्षेत कंपनावर लिहिणारा हा मुलगा आपल्या शेवटच्या मोठ्या प्रयोगातही एका कंपनाच्याच मागे लागणार होता.

ते कंपन कोणते हे समजायला आपण थोडे आडवळण घेऊ.

सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वादक त्यांना हात लावत नाही. पण वरच्या तारेवर नेमका त्यांचा सूर लागला, की त्या आपसूक बोलू लागतात. सूर थोडा इकडेतिकडे झाला, तर गप्प. यालाच अनुनाद म्हणतात. नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याला नेमक्या वेळी हलका धक्का दिला तरी तो उंच जातो; अवेळी कितीही जोर लावा, उपयोग नाही.

अणूच्या गर्भात जे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, त्यांचेही असेच असते. त्यांच्यावर कणांचा किंवा प्रकाशाचा मारा करायचा आणि माऱ्याची ऊर्जा हळूहळू वाढवत जायची. बहुतेक वेळा विशेष काही घडत नाही. पण एका ठरावीक ऊर्जेपाशी आले, की टक्करींची संख्या एकदम वाढू लागते, शिखर गाठते आणि मग उतरते. आलेखाच्या कागदावर डोंगर उभा राहतो. डोंगर दिसला याचा अर्थ असा, की क्षणभर तिथे एक नवीनच, अधिक जड कण जन्माला आला आणि लगेच मोडला. त्याचे आयुष्य किती? एका सेकंदाचे एकावर चोवीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातले पाचसहा भाग. इतक्या अल्पायुषी जिवाचे छायाचित्र निघत नाही. तो होता याचा पुरावा एवढाच, की कागदावरचा डोंगर.

मग प्रश्न उरतो तो डोंगर खरा की भास, हा. फर्मीची गोष्ट या प्रश्नाभोवती फिरते.

वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९२४ साली, फर्मीने एक शोधनिबंध लिहिला. विद्युतभारित कण अणूजवळून वेगाने जातो, तेव्हा अणूला काय जाणवते? फर्मीने दाखवले, की जाणाऱ्या कणाचे विद्युतक्षेत्र हे अणूच्या दृष्टीने प्रकाशाच्या एका झोतासारखेच असते. म्हणजे कणांच्या टकरीचे अवघड गणित प्रकाशाच्या गणितात बदलून सोडवता येते. पुढे १९३४ साली वाइत्सेकर आणि विल्यम्स या दोघांनी ही कल्पना प्रकाशाच्या वेगाजवळ धावणाऱ्या कणांपर्यंत नेली. आज जगभर प्रोटॉनचे अंतरंग पाहण्यासाठी जे प्रकाशकणांचे प्रयोग होतात, त्यांच्या पायात हा दगड आहे. त्या वेळी मात्र त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

१९२६ साली तो रोममध्ये प्राध्यापक झाला. पानिस्पेर्ना रस्त्यावरच्या त्या संस्थेत सेग्रे, आमाल्दी, रासेत्ती, मायोराना, पोंतेकोर्वो अशी तरुण मंडळी जमली. फर्मी कधी चुकत नाही म्हणून पोरांनी त्याचे नाव पोप ठेवले. १९२८ साली लॉरा कापोन या ज्यू घराण्यातल्या मुलीशी त्याचे लग्न झाले. नेल्ला ही मुलगी आणि भावाच्या आठवणीने ज्युलिओ असे नाव ठेवलेला मुलगा, असा संसार. आपले होमी भाभा केंब्रिजला असताना शिष्यवृत्तीवर युरोपात फिरले, तेव्हा काही काळ रोमला फर्मीकडेही राहिले होते. पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारणाऱ्या भाभांनी ऐन उमेदीत ही शाळा आतून पाहिली होती.

१९३४ च्या वसंतात फर्मीने न्यूट्रॉनचा मारा सुरू केला. हायड्रोजनपासून सुरुवात करून एकेक मूलद्रव्य समोर ठेवायचे. पहिली काही कोरी गेली, फ्लोरिनपाशी यश आले. २२ ऑक्टोबरला ध्यानात आले, की मधे मेणाचा ठोकळा ठेवला तर न्यूट्रॉन मंदावतात आणि परिणाम कितीतरी पटींनी वाढतो. पाण्यानेही असेच व्हायला हवे म्हणून ही मंडळी सामान घेऊन संस्थेच्या बागेतल्या सोनेरी माशांच्या हौदावर गेली! अंदाज खरा ठरला.

त्याच वर्षी युरेनियमवर मारा केला, तेव्हा काही अनोळखी किरणोत्सर्गी पदार्थ मिळाले. युरेनियमच्या पुढचे, ९३ व्या क्रमांकाचे मूलद्रव्य सापडले असावे, असा फर्मीचा कयास. पण पुरावा पुरेसा नव्हता आणि तो स्वतः घाई करायला तयार नव्हता. घाई दुसऱ्यांनीच केली. संस्थेचे प्रमुख कोर्बिनो यांनी इटलीच्या राजासमोर भाषणात नव्या मूलद्रव्याचा उल्लेख केला आणि फॅसिस्ट राजवटीच्या वर्तमानपत्रांनी डंका पिटला. फर्मी अस्वस्थ झाला, त्याची झोप उडाली. अजून बरेच तपासायचे आहे असा खुलासा त्याने प्रसिद्ध करवला. जर्मनीत इडा नोडाक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी तेव्हाच लिहिले होते, की युरेनियमचा अणू फुटून मोठे तुकडे झाले असण्याचीही शक्यता तपासायला हवी. तिकडे कोणी लक्ष दिले नाही, फर्मीनेही नाही.

वर्षे गेली आणि कयासच हळूहळू सत्य म्हणून रूढ झाला. बँकेतही असे होते. तात्पुरती म्हणून लिहिलेली नोंद कोणी वेळेवर उलटवली नाही, तर चारसहा वर्षांनी तीच अधिकृत होऊन बसते. १० डिसेंबर १९३८ रोजी स्टॉकहोममध्ये फर्मीने नोबेल पारितोषिक स्वीकारले. नव्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांबद्दल आणि मंद न्यूट्रॉनच्या शोधाबद्दल ते होते. व्याख्यानात त्याने ९३ आणि ९४ क्रमांकांच्या मूलद्रव्यांची त्यांच्या गटाने ठेवलेली नावेही सांगितली. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांनी आपला निबंध छापायला धाडला. युरेनियमच्या माऱ्यातून बेरियम निघत होते. अणू खरोखरच फुटत होता! फर्मीची नवी मूलद्रव्ये ही बरीचशी फुटलेल्या अणूची शकले होती. मंद न्यूट्रॉनचा शोध अस्सल होता, त्याला धक्का लागला नाही. पण पारितोषिकाच्या मानपत्रातला अर्धा भाग शाई वाळायच्या आत चुकीचा ठरला.

फर्मी तेव्हा अमेरिकेच्या वाटेवर होता. इटलीत त्या वर्षी ज्यूंविरुद्ध कायदे झाले होते आणि लॉराच्या काळजीने त्याने गुपचूप देश सोडायचे ठरवले होते. स्टॉकहोमहून हे कुटुंब परतले नाही. २ जानेवारी १९३९ रोजी ते न्यूयॉर्कला उतरले. इटलीत राहिलेले लॉराचे वडील, नौदलातले वृद्ध अ‍ॅडमिरल, १९४३ साली पकडले गेले आणि आउशवित्झच्या छळछावणीत मारले गेले.

अणुविभाजनाची बातमी न्यूयॉर्कला पोहोचली, तेव्हा फर्मीने काय केले? छापल्या जाणाऱ्या नोबेल व्याख्यानात एक तळटीप घातली. हानच्या शोधामुळे या मूलद्रव्यांचा पुन्हा विचार करावा लागेल, एवढाच तिचा आशय. कांगावा नाही, सारवासारव नाही. चुकीची नोंद लाल शाईने दुरुस्त करून खाली सही करावी, तसे. आणि लगेच तो त्याच अणुविभाजनाच्या अभ्यासाला लागला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २ डिसेंबर १९४२, शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या प्रेक्षागाराखालचे स्क्वॉशचे कोर्ट, ग्रॅफाइट आणि युरेनियमची रास. नियंत्रणाची कांडी इंचाइंचाने बाहेर काढली जात होती आणि प्रत्येक टप्प्यावर मोजमाप किती येईल हे फर्मी आधी पट्टीवर काढत होता. ऐन रंगात आले असताना सर्वांना जेवायला पाठवणारा हाच माणूस! दुपारी साडेतीनच्या सुमारास साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. १६ जुलै १९४५ रोजी वाळवंटातल्या पहिल्या अणुस्फोटाच्या वेळीही त्याने कागदाचे कपटे हातातून सोडले आणि ते धक्क्याने किती लांब उडाले त्यावरून स्फोटाची ताकद अंदाजली. त्या ताकदीने पुढच्याच महिन्यात जपानची दोन शहरे बेचिराख केली. बॉम्ब टाकण्याविषयी सल्ला देणाऱ्या चौघा शास्त्रज्ञांत फर्मीही होता, हे त्याच्या चाहत्यांनीही विसरू नये. १९४९ साली हायड्रोजन बॉम्बला मात्र त्याने नैतिक कारणावरून लेखी विरोध नोंदवला.

युद्ध संपले आणि फर्मी शिकागोला मुलांना शिकवायला परतला. १९५१ साली तिथे सायक्लोट्रॉन हे मोठे यंत्र तयार झाले. आत फिरणाऱ्या प्रोटॉनच्या वाटेत लक्ष्य ठेवायचे, तर त्याची जागा सारखी बदलावी लागे. फर्मीने त्यासाठी स्वतः एक छोटी गाडी बनवली. यंत्राच्याच चुंबकीय क्षेत्राचा उपयोग करून ती त्या प्रचंड चुंबकाच्या कडेने हवी तिथे सरके. नोबेलविजेत्या माणसाने हे खेळणे हौसेने केले होते.

या यंत्रातून पायॉन नावाच्या कणांचा झोत मिळे. अँडरसन वगैरे सहकाऱ्यांबरोबर फर्मीने तो द्रवरूप हायड्रोजनवर, म्हणजे प्रोटॉनवर सोडला. ऊर्जा वाढवत नेली, तशी टक्करींची संख्या भराभर चढू लागली. धन आणि ऋण पायॉनच्या आकड्यांची प्रमाणेही एका विशिष्ट गणिताशी जुळत होती. ब्रुकनर या तरुण सैद्धांतिकाने हा अनुनादच असावा असे सुचवले होते. आज आपण त्याला डेल्टा म्हणतो. प्रोटॉनहून सुमारे एकतृतीयांश जड असा हा कण, आणि पुढे सापडलेल्या शेकडो अनुनादांतला पहिला.

इथे फर्मीला काय करता आले असते? पुरावा १९३४ पेक्षा कितीतरी बळकट होता. नाव जगप्रसिद्ध होते. जाहीर करून टाकायला अडवणारे कोणी नव्हते. पण तो थांबला. चढण दिसत होती, उतरण अजून नीट दिसत नव्हती. शिकागोच्या यंत्राची ताकद शिखरापाशीच जेमतेम पोहोचत होती. १९५२ आणि १९५३ च्या उन्हाळ्यांत तो लॉस अ‍ॅलामॉसला जाऊन मॅनिअ‍ॅक नावाच्या नव्या संगणकावर आकडे घोळवत बसला. त्याच आकड्यांतून एकाहून जास्त उत्तरे निघत होती. अनुनाद शक्य आहे, अजून सिद्ध नाही, अशी त्याची भूमिका राहिली. १९५३ साली फ्रीमन डायसन हा तरुण शास्त्रज्ञ आपल्या गटाने काढलेले आलेख घेऊन त्याला भेटायला आला. ते फर्मीच्या मोजमापांशी सुरेख जुळत होते. कोणीही खूश झाले असते. फर्मीने शांतपणे विचारले, की यात मनाने धरलेले आकडे किती? चार, असे उत्तर मिळाल्यावर त्याने ते जुळणे मानायला नकार दिला. डायसन हिरमुसला, पण त्याने ते काम सोडून दिले आणि एका चुकीच्या वाटेवरून वाचवले म्हणून पुढे जन्मभर फर्मीचे उपकार मानले.

आमच्याकडे ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. नवखा कारकून ती लवकरात लवकर कुठल्यातरी खात्यात ढकलून मोकळा होऊ पाहतो. मुरलेला माणूस थांबतो. फर्मीने आपल्या उतारवयातला सर्वांत मोठा शोध सस्पेन्स खात्यात ठेवला. १९३४ ची आठवण त्यामागे असेल का? त्याने तसे कुठे म्हटलेले नाही. मला मात्र वाटते, की चुकीच्या गोष्टीबद्दल एकदा टाळ्या मिळालेल्या माणसालाच बरोबर गोष्टीपाशीही असे थांबता येते.

दुसरी साक्ष प्रकाशाने दिली. इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन धातूच्या पत्र्यावर आदळले, की ते अडखळतात आणि गमावलेली ऊर्जा प्रकाशकणांच्या, म्हणजे फोटॉनच्या रूपाने पुढे निघते. बर्कलीला फर्मीचाच विद्यार्थी जॅक स्टाइनबर्गर याने सहकाऱ्यांसह १९५० साली अशा झोताने पायॉन निर्माण करून दाखवले होते. कॉर्नेल आणि कॅलिफोर्नियातल्या यंत्रांवर हा झोत प्रोटॉनवर सोडला, तेव्हा सुमारे ३४० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या आसपास तोच डोंगर उभा राहिला. या वेळी पलीकडची उतरणही दिसली. मोठ्या यंत्रांवरच्या पायॉनच्या प्रयोगांतही ती दिसू लागली. दोन निरनिराळ्या वह्यांत एकच शिल्लक निघाली. रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञाने १९५८ साली फोटॉनच्या प्रयोगांवरून त्यापलीकडचा दुसरा डोंगर असावा असे मांडले. तोही खरा ठरला.

फर्मी हे पाहायला नव्हता. १९५४ च्या उन्हाळ्यात त्याने इटलीत कोमो सरोवराकाठी पायॉनवर व्याख्याने दिली, तेव्हाच त्याला अन्न जात नव्हते. शिकागोला परतल्यावर निदान झाले. आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तिथेच प्राध्यापक होते. आकाशगंगेतल्या चुंबकीय क्षेत्रांवर या दोघांनी १९५३ साली मिळून निबंध लिहिले होते. चंद्रशेखर रुग्णालयात भेटायला गेले, पण बोलावे काय ते त्यांना सुचेना. मरणाऱ्या माणसानेच अवघडलेपण घालवले. आपण पुढच्या जन्मी हत्ती होऊन येणार का, असे त्याने या हिंदू मित्राला विचारले आणि खोलीतले वातावरण हलके झाले. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी तो गेला.

त्याची पेरणी पुढे उगवत राहिली. त्याचा आणखी एक विद्यार्थी जेरोम फ्रीडमन याने सहकाऱ्यांबरोबर १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडले. इलेक्ट्रॉनच्या क्षेत्राला प्रकाशाचा झोत मानायची ती १९२४ ची दृष्टी तिथेही कामी आली आणि प्रोटॉनच्या पोटातले क्वार्क दिसले. त्यांना १९९० चे नोबेल मिळाले. शिकागोजवळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेला १९७४ साली फर्मीचे नाव दिले गेले. तिचा पहिला संचालक तोच विल्सन होता.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफरसन प्रयोगशाळेत आता हिऱ्याच्या केसाएवढ्या पातळ चकतीवर इलेक्ट्रॉन सोडून फोटॉनचे झोत काढतात. फोटॉनची ऊर्जा कशी कळते? इलेक्ट्रॉनची आरंभीची शिल्लक माहीत असते, चकतीतून बाहेर पडल्यावरची अखेरची शिल्लक मोजतात. वजाबाकी म्हणजे फोटॉन! मला हा हिशेब वाचून मोठी मौज वाटली.

पण शेवटी सांगायची गोष्ट वेगळीच आहे. २००३ साली जपानमधल्या एका फोटॉन प्रयोगाने पाच क्वार्कांचा एक विलक्षण कण दिसल्याचे जाहीर केले. जगभर खळबळ उडाली. जेफरसन प्रयोगशाळेच्या गटालाही आपल्या आकड्यांत तो डोंगर दिसला. मग त्याच गटाने कितीतरी अधिक आकडे जमवून तोच प्रयोग पुन्हा केला. डोंगर नाहीसा झाला. त्यांनी तसे प्रामाणिकपणे छापले. पाच क्वार्कांचे दुसऱ्याच प्रकारचे कण २०१५ साली जिनिव्हाजवळच्या यंत्रावर सापडले, पण तो पहिला डोंगर भासच ठरला.

त्या तरुण शास्त्रज्ञांपैकी कोणी फर्मीला पाहिलेले नसणार. पण आपणच घातलेली नोंद पुन्हा तपासायची आणि चुकली असेल तर आपल्याच हाताने खोडायची, ही रीत त्याच्या घरातली. मृत्यू उशाशी बसला असतानाही थेंब अंदाजाने न सांगता घड्याळ लावून मोजणारा तो माणूस मला म्हणूनच आपला वाटतो.